परीक्षणाखाली पर्वाचे नावही द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पौराणिक आणि अद्भुत कादंबऱ्यांची परीक्षणे नेमाने येतात. खेड्यांतल्या सार्वजनिक वाचनालयांत पुस्तकखरेदीची यादी करताना ही कात्रणे समोर ठेवली जातात, म्हणून हे पत्र. भाषा ओघवती आहे, व्यक्तिरेखा जिवंत आहेत, मुखपृष्ठ देखणे आहे, एवढे परीक्षणातून कळते. कर्णावरची कादंबरी महाभारताच्या कोणकोणत्या पर्वांवर उभी आहे, मूळ कथेपासून ती कुठे वळते, कोणते पात्र लेखकाने स्वतः घडवले, हे मात्र कळत नाही. अशा प्रत्येक परीक्षणाखाली पाच ओळींची चौकट द्यावी आणि तिच्यात हीच माहिती असावी, एवढी विनंती आहे. ती का, ते सविस्तर सांगतो.

पौराणिक कथा आपल्याकडे तीन वाटांनी येते. एक वाल्मीकी, व्यास, हरिवंश आणि पुराणांच्या संस्कृत संहितेची. दुसरी पोथीची आणि लोककथेची: श्रीधरस्वामींचे हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप, मुक्तेश्वर-मोरोपंतांची आख्याने, कीर्तन, दंडारीसारखे लोकनाट्य, जात्यावरच्या ओव्या. तिसरी कादंबरीची, नाटकाची आणि टीव्हीवरच्या मालिकांची. खेड्यात या तिन्ही एकाच ओसरीवर येऊन मिसळतात आणि मग ‘महाभारतात असं लिहिलं आहे’ असे जे ठामपणे सांगितले जाते, ते पुष्कळदा महाभारतात नसते.

मयसभेत पाण्यात पडलेल्या दुर्योधनाला द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणाली, हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. सभापर्वात ते नाही. तिथे हसतात भीम, अर्जुन, नकुल आणि सहदेव. द्रौपदी स्त्रियांसह हसली ही गोष्ट येते ती नंतर, हस्तिनापुरात दुर्योधन बापाला आपले दुखणे सांगतो तेव्हा, त्याच्याच तोंडून. म्हणजे ती अपमानाने पेटलेल्या माणसाची साक्ष आहे. चांगल्या कादंबरीकाराला एवढ्यावर पूर्ण प्रकरण उभे करता येईल. पण ‘आंधळ्याचा मुलगा’ हे आयते वाक्य घेतले की ती सूक्ष्म जागा बुजते आणि युद्धाचा दोष एका बाईच्या जिभेवर जाऊन बसतो. असेच आणखी काही. वाल्मीकींच्या अरण्यकांडात लक्ष्मणरेषा नाही, शबरीची उष्टी बोरे नाहीत. अहल्या शिळा होत नाही, ती कोणाला न दिसता, राखेत, वाऱ्यावर जगत तप करते. सुभद्रेच्या पोटात असताना चक्रव्यूह ऐकला आणि आईला झोप लागली म्हणून अर्धाच कळला, ही अभिमन्यूची गोष्टही द्रोणपर्वात नाही. तिथे तो एवढेच सांगतो की वडिलांनी आत शिरायला शिकवले, बाहेर पडायला शिकवले नाही.

यावर लगेच कोणी म्हणेल की मग कादंबरीकाराने काही बदलूच नये काय? माझे म्हणणे नेमके उलट आहे. बदल हाच या लेखनाचा प्राण आहे, आणि मूळ ठाऊक असल्याशिवाय बदलाची चव कळत नाही. आदिपर्वातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठीही नाही आणि दुर्वासाचा शापही नाही. ती मुलाला घेऊन दरबारात येते, दुष्यंत तिला ओळखतो आणि जाणूनबुजून नाकारतो. शेवटी आकाशवाणी होते तेव्हा तो कबूल करतो. कालिदासाने शाप आणि अंगठी घातली, राजाला विसराळू केले, म्हणजे दोषातून सोडवले. हा केवढा मोठा फेरफार आहे! नाटक त्यामुळे सुंदर झाले, आणि आदिपर्वातली खणखणीत बोलणारी शकुंतला त्यामुळेच मऊ पडली. दोन्ही वाचणाऱ्याला दोन्ही बाजू दिसतात, एकच वाचणाऱ्याला त्यातली एकच.

मूळ म्हणजे कोणते मूळ, हा प्रश्न रास्त आहे. महाभारतापुरते उत्तर पुण्याच्या भांडारकर संस्थेने दिले आहे. चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली, आणि १२५९ हस्तलिखिते ताडून १९६६ साली अठरा पर्वांची संहिता पुरी झाली. परंपरेने ज्याला लाख श्लोकांचा ग्रंथ म्हणतात तो या चाळणीतून पाऊण लाखाच्या आसपास उरला. गाळलेले श्लोक फेकले नाहीत, ते तळटीपांत आणि परिशिष्टांत आहेत. गणपती लेखनिक झाला ती कथा, वनवासातल्या थाळीची आणि दुर्वासाच्या भोजनाची कथा, स्वयंवरात द्रौपदीने कर्णाला ‘सूताला वरणार नाही’ म्हणून नाकारणे, ही सगळी तिथे सापडतात. शेवटचा प्रसंग तर कर्णावरच्या किती नाटक-कादंबऱ्यांचा कणा आहे! तो नंतरचा आहे म्हणून लेखकाने वापरू नये असे नाही. वाचकाला मात्र हे सांगितले पाहिजे.

१९६७ हे साल इथे आठवावे. चिकित्सक आवृत्ती पुरी झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली आणि इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ही आले. एकाने कर्णाला उंच उचलले, दुसऱ्याने त्याला मोजून पाहिले. गावोगावच्या वाचनालयांत पहिल्या पुस्तकाच्या प्रती हाताळून हाताळून सुट्या झालेल्या असतात आणि दुसरे कोरे दिसते. ही दोन पुस्तके एकाच माणसाला एकापाठोपाठ दिली पाहिजेत. ‘मृत्युंजय’ नऊ भागांत आहे आणि सहा जण बोलतात. हे तंत्र लक्षात घेतले पाहिजे. व्यासांच्या ग्रंथात कर्ण स्वतःची कथा सांगत नाही. वैशंपायन जनमेजयाला सांगतो, युद्ध संजय धृतराष्ट्राला सांगतो. पात्र ‘मी’ म्हणून बोलू लागले की ते आपली वकिली करते, आणि वाचक नकळत त्याच्या बाजूने बसतो. कादंबरीची ही ताकद आहे, तशीच ती वाचकाने सावध राहण्याची जागा आहे.

कर्ण मुळात शोधायचा तर कुठे शोधायचा, हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून अनेकांचा प्रयत्न आदिपर्वातच थांबतो. आदिपर्वात त्याचा जन्म थोडक्यात आहे, आणि रंगभूमीवरचा प्रवेश व अंगदेशाचा अभिषेक आहे. कुंतीला मिळालेला मंत्र, सूर्याचे येणे, नदीत सोडलेली पेटी, इंद्राला दिलेली कवचकुंडले, हे सारे सविस्तर वनपर्वाच्या शेवटी, कुंडलाहरणात येते. परशुरामाचा आणि ब्राह्मणाचा शाप आदिपर्वात शोधणाऱ्याला पूर्वजीवनाचा तो भाग तिथे मिळत नाही. तो सविस्तर शांतिपर्वाच्या आरंभी, कर्ण मेल्यानंतर, नारद युधिष्ठिराला सांगतात. वनपर्वातच घोषयात्रा आहे, जिथे गंधर्वांपुढे कर्णाचा रथ मोडतो आणि तो विकर्णाच्या रथावर चढून निघून जातो. विराटपर्वात गाई पळवण्याच्या लढाईत अर्जुन त्याला हरवतो. हे दोन प्रसंग कादंबऱ्यांत झटपट उरकतात किंवा येतच नाहीत, कारण त्यांनी नायकाची उंची कमी होते.

सभापर्व मात्र चुकवू नये. द्रौपदीची आणि पांडवांची वस्त्रे काढून आण, असे दुःशासनाला सांगणारा कर्ण आहे, आणि तिला वेश्या म्हणणाराही तोच आहे. हे वाचून पुष्कळांना धक्का बसतो आणि पुस्तक मिटले जाते. मिटू नये. उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात घेऊन जन्माचे रहस्य सांगतो तेव्हा कर्ण म्हणतो की दुर्योधनाला खूश करण्यासाठी मी पांडवांना जे कटू बोललो त्याचा मला आज ताप होतो आहे. त्याच बोलण्यात अधिरथाने आपले विवाह करून दिल्याचे तो सांगतो, पण बायकोचे नाव सांगत नाही. वृषाली हे नाव व्यासांच्या संहितेत नाही. मग भीष्मपर्वाच्या शेवटी शरशय्येजवळची भेट, द्रोणपर्वातला घटोत्कच, पुढे कर्णपर्व, आणि स्त्रीपर्वाच्या शेवटी तर्पणाच्या वेळी कुंतीने दिलेली कबुली. एवढी दहा ठिकाणे एका चिठ्ठीवर लिहून कादंबरीत खूण म्हणून ठेवली, तर तीच कादंबरी दुप्पट वाचनीय होते. विसाव्या शतकाच्या आरंभी चिपळूणकर आणि मंडळींनी काढलेले महाभारताचे पूर्ण मराठी भाषांतर यासाठी पुरेसे आहे. ते चिकित्सक आवृत्तीच्या आधीचे आहे, त्यामुळे गाळलेले प्रसंगही त्यात मिळतात, हे तेवढे ध्यानात ठेवावे.

आता भाषांतरांविषयी, आणि इथे मला जरा जास्त वेळ घ्यायचा आहे. पौराणिक विषयांवरच्या इंग्रजी कादंबऱ्या अलीकडे मराठीत येऊ लागल्या आहेत. इंग्रजीत ऱ्हस्व-दीर्घ अक्षरावरून कळत नाही. त्यामुळे भाषांतरकाराला मूळ कथा माहीत नसेल तर शंतनूचा मुलगा चित्रांगद आणि अर्जुनाची बायको चित्रांगदा यांचे एकच नाव होते. कृष्ण आणि कृष्णा, म्हणजे द्रौपदी, यांची गल्लत होते. कृपाचार्यांचा कृप हा ‘कृपा’ होऊन बाई वाटू लागतो. नळाच्या अंगात शिरणारा कली हा ‘काली’ झाला की सगळा अर्थच फिरतो. परीक्षण करणाऱ्याने अशी चारच नावे उघडून पाहिली तरी भाषांतराची पत कळेल.

नळाचाच विषय निघाला आहे तर त्याची कथा आपण विदर्भवासीयांनी किती जवळून वाचली पाहिजे, ते सांगतो. वनपर्वात बृहदश्व ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात. दमयंती विदर्भाच्या भीम राजाची मुलगी. हा भीम वेगळा, पांडव नव्हे, इथेही घोटाळा होतो. अयोध्येचा ऋतुपर्ण दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी ऐकून शंभर योजने एका दिवसात गाठायला निघतो आणि बाहुक नावाने राहिलेला नळ त्याचा रथ हाकतो. राजाचे उपरणे उडते, तो थांबायला सांगतो, तर नळ म्हणतो की ते आता योजनभर मागे राहिले. वेग सांगायला याहून नेमका तपशील कोणता असेल? पुढे वाटेत एक झाड लागते. राजा चालत्या रथातून सांगतो की खाली पडलेली पाने-फळे झाडावरच्यांपेक्षा एकशे एकने जास्त आहेत, दोन फांद्यांवर पाने पाच कोटी आणि फळे २०९५. नळ रथ थांबवतो, झाड तोडून मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या देतो, ती येताच कली विष ओकत नळाच्या अंगातून निघतो आणि त्याच झाडात शिरतो.

ते झाड ‘विभीतक’. बहुतेक पुस्तकांत हाच शब्द तसाच छापलेला असतो आणि वाचक पुढे सरकतो. विभीतक म्हणजे बेहडा! त्रिफळ्यातला हिरडा, बेहडा, आवळा यांतला बेहडा. मेळघाटात, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत वाटेवर त्याच्या फळांचा सडा पडतो. प्राचीन काळी फासे म्हणून याच्याच बिया वापरत, असे अभ्यासक सांगतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या जुगाऱ्याच्या सूक्तातले फासे हेच, आणि ‘अक्ष’ या शब्दाचा अर्थ फासाही होतो व बेहडाही. म्हणजे ऋतुपर्णाने नळाला फाशांची विद्या फाशांच्याच झाडाखाली दिली, आणि जुगारात नळाचा घात करणारा कली त्या झाडात जाऊन बसला. कथाकाराने हे झाड किती विचारपूर्वक निवडले आहे! मालिकेत शकुनीच्या हातात चौकोनी ठिपक्यांचे फासे दिसतात म्हणून आपल्या मनात तेच चित्र बसले आहे. भाषांतरात एकदा ‘बेहडा’ लिहिले असते तर ज्याने जंगलात तो वेचला आहे त्याला प्रसंग हातात घेतल्यासारखा कळला असता. कर्कोटक नागाचेही तसेच. वणव्यातून वाचवलेला तो नळाला पावले मोजायला सांगतो आणि दहाव्या पावलाला चावतो. संस्कृतात ‘दश’ म्हणजे दहा, आणि ‘दश’ म्हणजे ‘डस’. नळाने आकडा उच्चारला तीच आज्ञा झाली. इथे भाषांतरकाराने दोन ओळींची टीप दिलीच पाहिजे, नाहीतर दहावेच पाऊल का, हे कधी कळणार नाही.

या चावण्यातच अद्भुत कथेचा एक नियम दडलेला आहे आणि नव्या कल्पनारम्य कादंबऱ्यांत तोच सर्वांत जास्त मोडलेला दिसतो. नागाच्या दंशाने नळ कुरूप होतो, पण तेच विष त्याच्या अंगातल्या कलीला जाळत राहते, आणि कुरूपतेमुळेच त्याला लपून राहता येते. एका घटनेत तोटा, उपाय आणि वेषांतर तिन्ही आले. जुन्या कथेत शक्ती कधी फुकट मिळत नाही. तिला अट असते, मोजमाप असते, संपण्याची वेळ असते. इंद्राने कर्णाला दिलेली शक्ती एकदाच वापरता येणारी, आणि किंमत कवचकुंडलांची. ती अर्जुनासाठी राखलेली, म्हणून चौदाव्या रात्री घटोत्कचावर ती खर्ची पडते तेव्हा कृष्णाला आनंद का होतो हे आपोआप कळते. जयद्रथाचे डोके जो जमिनीवर पाडील त्याचे डोके फुटेल, हा वर बापाने दिलेला, आणि अर्जुन ते डोके बाणांनी त्याच बापाच्या मांडीवर नेऊन टाकतो. अट आधी सांगितली, मग तिची पळवाट शोधली. अनेक नव्या पुस्तकांत नायकाला तिसऱ्या प्रकरणात दिव्यास्त्र मिळते आणि त्याचे काय चुकू शकते हे कोणालाच ठाऊक नसते. मग शेवट लेखकाच्या मर्जीने होतो, वाचक कंटाळतो, आणि दोष मात्र विषयाला दिला जातो. परीक्षणात विचारावे: या कादंबरीत शक्तीची अट काय आहे, आणि ती किंमत कोण मोजतो?

आपल्या मातीतले अद्भुत तर लेखकांनी अजून नीट पाहिलेलेही नाही. मेळघाटातल्या कोरकूंच्या उत्पत्तिकथेत सातपुडा-विंध्य ओसाड पाहून रावण महादेवाला विनवतो की इथे माणसे वसव. महादेव कावळ्याला लाल मातीचे वारूळ शोधायला पाठवतो, त्या मातीच्या दोन मूर्ती करतो, इंद्राचे घोडे त्या तुडवतात, मग महादेव एक कुत्रा घडवून राखणीला ठेवतो आणि तेव्हा कुठे स्त्री-पुरुष तयार होतात. यातला रावण वस्तीची विनंती करणारा आहे. हीही पुराणकथाच आहे, आणि तिला वाल्मीकींच्या फूटपट्टीने खोटे ठरवणे चूक होईल. मी तीन वाटा वेगळ्या ओळखा म्हणतो ते दुसऱ्या वाटेला कमी लेखण्यासाठी नव्हे. कर्णाविषयी द्रौपदीच्या मनात काय होते हे सांगणारे जांभूळ आख्यान व्यासांचे नाही, लोकांचे आहे, आणि त्यातली समज कोणत्याही पर्वाइतकी खोल आहे.

स्थळांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले आणि भीमकुंडात हात धुतले, असे सांगतात. विराटपर्वात कीचक रात्री नृत्यशाळेत मारला जातो, त्याच्या देहाचा गोळा होतो, दरी नाही. विराटाचे मत्स्य राज्यही अभ्यासक राजस्थानातल्या बैराटकडे दाखवतात. कादंबरीकाराने चिखलदरा घेतला तर तो लोकपरंपरेच्या वाटेने गेला, एवढे सांगितले की पुरे. याउलट कौंडिण्यपूर. वर्धा नदीकाठच्या या गावाला रुक्मिणीचे माहेर मानतात आणि इथली परंपरा संहितेशी जुळते. मात्र रुक्मिणीवर जेवढे लिहिले गेले त्याच्या शतांशही तिच्या भावावर नाही. कृष्णाला मारल्याशिवाय कुंडिनपुरात परतणार नाही अशी शपथ घेऊन रुक्मी हरतो, आणि जिथे हरला तिथेच भोजकट नावाचे नगर वसवतो. हे नाव पोकळ नाही. पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात चर्मांक गाव ‘भोजकट राज्यात’ असल्याचे कोरले आहे, आणि चम्मक अचलपूरजवळ आहे.

हाच रुक्मी उद्योगपर्वात एक अक्षौहिणी सेना घेऊन पांडवांकडे येतो. अक्षौहिणी म्हणजे २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. तो अर्जुनाला म्हणतो, भीत असशील तर मी मदतीला आहे. अर्जुन नको म्हणतो. मग तो दुर्योधनाकडे जाऊन हेच बोलतो आणि तिथूनही नकार घेऊन परततो. त्या युद्धातून बाहेर राहिलेले दोघेच, असे व्यास नोंदवतात, बलराम आणि विदर्भाचा रुक्मी. पुढे नातीच्या लग्नात, भोजकटातच, फाशांच्या खेळात बलरामाच्या हातून तो मरतो. एवढा नाट्यमय माणूस आपल्या नदीकाठी पडून आहे आणि विदर्भातला लेखक अजून कर्णावर तिसरी-चौथी कादंबरी लिहितो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मराठीत या विषयाची सुरुवातच विदर्भात झाली आहे, हेही परीक्षकांनी ध्यानात घ्यावे. रिद्धपूरला गोविंदप्रभूंसमोर महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले, तेराव्या शतकात. नरेंद्राचे रुक्मिणीस्वयंवर १२९२ चे. एकनाथांनी त्याच विषयावर काशीत १५७१ मध्ये १८ प्रसंगांचे, १७१२ ओव्यांचे काव्य लिहिले. रुक्मिणीवर नवी कादंबरी आली तर तिची तुलना मालिकेशी न करता या तिघांशी करावी.

वाचनालयांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. श्रावणात, अधिक मासात गावात पोथी लागते. रामविजयाचे ४० अध्याय आणि पांडवप्रतापाचे ६४, रोज एक धरला तर १०४ दिवस, म्हणजे आषाढी ते कार्तिकीत दोन्ही आरामात बसतात. त्याच महिन्यांत त्याच प्रसंगावरची कादंबरी आणि मूळ पर्वाचे भाषांतर टेबलावर काढून ठेवले तर लोक चाळतात. कपाटात कुलपात ठेवले तर चाळत नाहीत. जाड वाचनाचा खरा हंगाम कापसाच्या उलंगवाडीनंतरचा, म्हणजे वेचणी संपून शेत मोकळे झाल्यावरचा. तेव्हा सहाशे-सातशे पानी कादंबऱ्या द्याव्यात. आणि नुसत्या डिंकाने पाठ चिकटवलेली प्रत शक्यतो घेऊ नये. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हाने पत्र्याच्या छपराखाली तो डिंक कडक होतो, पुस्तक मधोमध उघडले की पाठ तडकते आणि पाने गळू लागतात. फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, शिवलेली बांधणी थोडी महाग पडते, पण टिकते. परीक्षणात किंमत आणि पृष्ठसंख्या छापता तिथेच ‘शिवलेली’ की ‘चिकटवलेली’ हा एक शब्द आणि अक्षर बारीक की ठळक, एवढे छापले तर वयस्क वाचकांवरही उपकार होतील.

मला हवी असलेली चौकट कशी असावी त्याचा नमुना देतो. समजा नळ-दमयंतीवर कादंबरी आली आहे:

आधार: वनपर्व, नलोपाख्यान, सांगणारा बृहदश्व, ऐकणारा युधिष्ठिर. कादंबरीत कोण सांगतो: दमयंती. लेखकाची स्वतःची पात्रे: (नावे). बदललेले प्रसंग: हंस वगळला आहे, दुसऱ्या स्वयंवराची युक्ती दमयंतीऐवजी तिच्या आईची दाखवली आहे. भाषांतर असल्यास कोणत्या भाषेतून, कोणी केले. विशेषनामे तपासली आहेत का. बांधणी आणि अक्षर.

यातले बदल मी केवळ नमुन्यासाठी कल्पिले आहेत. समीक्षकाने पुस्तक खरोखर वाचले असेल तर ही चौकट भरायला त्याला अर्धा तास पुरेल. जागेची अडचण असेल तर मुखपृष्ठाचे छायाचित्र लहान करावे.

आपला,
एक वाचक
ता. तिवसा, जि. अमरावती